फँटसी फुटबॉल लीगमध्ये डिफेन्सचं स्कोरिंग कसं ठेवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फँटसी लीग म्हणजे खऱ्या मॅचमधले प्लेयर निवडून आपापली कागदी टीम बनवायची आणि त्यांच्या कामगिरीवर पॉइंट मिळवायचे. ऑगस्ट आला की ड्राफ्टची, म्हणजे प्लेयर निवडायची, तारीख ठरते, ग्रुपवर मीम सुरू होतात आणि मग कोणीतरी विचारतं की यंदा डिफेन्सला किती पॉइंट. क्वार्टरबॅक (पास टाकणारा, पुढे क्यूबी) आणि रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणारा) पॉइंटवर कोणी भांडत नाही, भांडणं सगळी डिफेन्सवरच होतात, म्हणून नेहमी येणारे प्रश्न एका जागी लिहून ठेवतोय. जे कमिशनर, म्हणजे लीग चालवणारे, आहेत त्यांनी सगळं वाचा, बाकीच्यांनी आपापल्या भांडणापुरतं वाचलं तरी चालेल.

आधी सांगा, हा कुठला फुटबॉल?

अमेरिकन, एनएफएलवाला (एनएफएल म्हणजे तिथली व्यावसायिक लीग). इंग्लिश प्रीमियर लीगच्या फँटसीत डिफेंडरला काय मिळणार ते गेम चालवणारेच ठरवतात, तुमच्या हातात काही नसतं. इथे उलटं आहे, याहू, ईएसपीएन, स्लीपर, कुठल्याही ॲपवर लीग काढा, कमिशनरला जवळजवळ प्रत्येक आकडा बदलता येतो, आणि डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

डिफेन्स म्हणजे एक प्लेयर घ्यायचा का अख्खी टीम?

दोन्ही प्रकार आहेत. बहुतेक लीगमध्ये अख्ख्या टीमचं डिफेन्स घेतात, त्यातच स्पेशल टीम्स पण येतात, म्हणजे किकच्या वेळचा खेळ: पंट (बॉल लाथेने दूर मारून समोरच्याला देणं) रिटर्न, किकऑफ रिटर्न, ब्लॉक केलेली किक वगैरे. दुसरा प्रकार आयडीपी (इंडिव्हिज्युअल डिफेन्सिव्ह प्लेयर), त्यात एकेक डिफेंडर निवडायचा, अमुक लाइनबॅकर, तमुक सेफ्टी (या डिफेन्समधल्या जागा). आयडीपी म्हणजे आजकालचं फॅड असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं नाही, १९६२ मध्ये ओकलंड रेडर्सचा एक भागीदार बिल विंकनबाख आणि त्याच्या दोस्तांनी हा खेळ काढला तेव्हा त्या पहिल्या लीगच्या रोस्टरमध्ये डिफेन्सचे प्लेयर होतेच. अख्ख्या टीमचं डिफेन्स ही नंतरची सोय.

पहिल्यांदा लीग काढत असाल तर टीम डिफेन्सच ठेवा. आयडीपीबद्दल खाली लिहिलंय.

डिफॉल्ट सेटिंग काय असतं? तेच ठेवलं तर?

सॅकला (क्यूबीला पास टाकण्याआधीच पाडणं) १, इंटरसेप्शनला (त्याचा पास मध्येच पकडणं) २, फंबल रिकव्हरीला (हातातून निसटलेला बॉल मिळवणं) २, सेफ्टीला (समोरच्याला त्याच्याच एंड झोनमध्ये अडकवणं, सेफ्टी नावाची जागा वेगळी) २, ब्लॉक केलेल्या किकला २, टचडाऊनला (बॉल एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, नेणं) ६. एवढं जवळपास सगळीकडे सारखंच. फरक पडतो तो पॉइंट्स अलाउडमध्ये, म्हणजे समोरच्या टीमने मॅचमध्ये किती पॉइंट केले त्यावर मिळणाऱ्या बोनसमध्ये. याहूच्या पद्धतीत समोरचा शून्यावर राहिला तर १०, १ ते ६ ला ७, ७ ते १३ ला ४, १४ ते २० ला १, २१ ते २७ ला शून्य, २८ ते ३४ ला उणे १ आणि ३५ च्या वर गेला की उणे ४. ईएसपीएनवाले हात आखडता घेतात, शून्यावर ठेवलं तरी ५ च, १ ते ६ ला ४, ७ ते १३ ला ३, आणि खालच्या बाजूला मात्र जास्त कापतात, ४६ च्या वर उणे ५. शिवाय तिथे यार्ड्सवरही वेगळे पॉइंट असतात, १०० च्या आत रोखलं तर ५ आणि ५५० च्या वर दिले तर उणे ७.

डिफॉल्टच ठेवलं तर काही बिघडत नाही. पण ॲप बदललं की डिफेन्सची किंमतही बदलते, हे बऱ्याच लीगच्या लक्षात येत नाही, गेल्या वर्षी याहूवर होतो यंदा ईएसपीएनवर आलो आणि शटआउटची (समोरच्याला शून्यावर ठेवण्याची) किंमत परस्पर अर्धी झाली. तुमच्या लीगचं सेटिंगचं पान उघडून एकदा नीट ताडून बघा.

पॉइंट कशाला जास्त द्यायचे, रन रोखण्याला की विकेट काढण्याला?

क्रिकेटच्या भाषेत विचारलंत ते बरं झालं. पॉइंट्स अलाउड ही बॉलरची इकॉनॉमी आणि सॅक, इंटरसेप्शन, फंबल या विकेट. दोन्ही चांगल्याच, पण एकाच बॉलरकडे दोन्ही असतील असं नाही, आणि तुमच्या लीगला यातलं काय जास्त आवडतं हे ठरवल्याशिवाय आकड्यांना हात लावू नका. सगळ्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

उदाहरण देतो. १९ नोव्हेंबर २०१८, मंडे नाइट, रॅम्स विरुद्ध चीफ्स, रॅम्स ५४-५१ ने जिंकले. चीफ्सचा क्यूबी पॅट्रिक माहोम्स याने एकट्याने ४७८ यार्ड आणि ६ टचडाऊन टाकले, म्हणजे रॅम्सच्या डिफेन्सची अक्षरशः धुलाई झाली. पण त्याच डिफेन्सने माहोम्सकडून ५ वेळा बॉल काढून घेतला, ३ इंटरसेप्शन आणि २ फंबल, आणि सॅमसन एबुकाम नावाच्या लाइनबॅकरने एकट्याने दोन टचडाऊन केले. आता हिशोब करा. इंटरसेप्शनचे ६, फंबलचे ४, टचडाऊनचे १२, झाले २२. याहूच्या पद्धतीत ५१ पॉइंट दिल्याचे उणे ४, म्हणजे सॅक न धरताच १८. ईएसपीएनच्या पद्धतीत उणे ५, वर ५०० च्या पुढे यार्ड दिल्याचे उणे ६, उरले ११.

मॅच तीच, डिफेन्स तेच, आणि फरक ७ पॉइंटचा. ५१ पॉइंट खाल्लेल्या डिफेन्सला १८ मिळणं तुम्हाला पटत असेल तर तुमची लीग बिग प्लेवाली, म्हणजे विकेटवाली. नसेल पटत तर पॉइंट्स अलाउडला वजन वाढवा. मला स्वतःला बिग प्ले आवडतात, कारण मॅच बघताना उडी मारायला होते ती इंटरसेप्शनवर, "वा, समोरचे १७ वरच राहिले" असं ओरडताना मी तरी कोणाला बघितलं नाही.

आमच्या टीमच्या क्यूबीने पिक-सिक्स टाकला (म्हणजे समोरच्याने इंटरसेप्शन करून थेट टचडाऊन केला), ते पॉइंट आमच्या डिफेन्सच्या नावावर का?

दरवर्षी येणारा प्रश्न, आणि राग अगदी रास्त आहे. डिफेन्स बाकावर पाणी पितंय, इकडे ऑफेन्सने बॉल समोरच्याच्या हातात दिला आणि तो सरळ एंड झोनमध्ये, यात डिफेन्सचा काय दोष? काही ॲप असे पॉइंट धरत नाहीत, काही फायनल स्कोर जसाच्या तसा घेतात, आणि काही ठिकाणी दोन वेगळे पर्याय असतात.

वरच्याच मॅचमध्ये बघा. चीफ्सच्या ५१ मधला एक टचडाऊन त्यांच्या डिफेन्सचा होता, ॲलन बेलीने रॅम्सचा क्यूबी जॅरेड गॉफचा फंबल उचलून केलेला. त्याचे ६ काढले की रॅम्सच्या डिफेन्सने दिलेले पॉइंट ४५ च्या वर जात नाहीत. ईएसपीएनच्या तक्त्यात ४६ पासून उणे ५ आणि ४५ पर्यंत उणे ३, म्हणजे या एका नियमावर २ पॉइंट फिरले. याहूच्या तक्त्यात काहीच फरक नाही, दोन्हीकडे उणे ४.

पर्याय मिळत असेल तर फक्त डिफेन्स आणि स्पेशल टीम्सने दिलेले पॉइंट धरा. मिळत नसेल तर ग्रुपवर पिन करून टाका की आपल्याकडे फायनल स्कोर धरतात, नंतर हातानं दुरुस्त्या करत बसू नका, एकदा केली की प्रत्येक जण आपापली घेऊन येतो.

१३ वर ४ पॉइंट आणि १४ वर १, ही काय पद्धत झाली?

पायऱ्यांची पद्धत. आणि हो, वाईटच आहे. मॅच कधीच हातातून गेलीय, समोरच्या टीमचा बॅकअप क्यूबी आलाय, शेवटच्या मिनिटाला एक फील्ड गोल, ११ चे १४ झाले आणि तुमचे ३ फँटसी पॉइंट उडाले. त्याच वेळी शेजारच्या मॅचमध्ये १४ चे २० झाले आणि काहीच फरक पडला नाही.

यावर मला आवडणारा उपाय म्हणजे सरळ रेषा. १० पासून सुरुवात करायची आणि समोरच्याने केलेल्या प्रत्येक पॉइंटला ०.४ वजा करायचे. शून्यावर १०, २५ वर बरोबर शून्य, ३५ वर उणे ४, म्हणजे दोन्ही टोकं याहूच्या तक्त्याशी जुळतात आणि मधल्या उड्या जातात. १३ वर ४.८ आणि १४ वर ४.४, आता त्या फील्ड गोलवरून कोणाचं बीपी वाढणार नाही. २५ हा शून्याचा आकडा पण ठीकच बसतो, एनएफएलमध्ये एका टीमचं मॅचमागे सरासरी २२-२३ च्या आसपास असतं, २०२० मध्ये ते २४.८ पर्यंत गेलं होतं आणि तो विक्रम होता, म्हणजे सरासरी डिफेन्सला हाती थोडंसं काहीतरी लागतं. फक्त खाली एक मर्यादा ठेवता आली तर ठेवा, ५० खाल्ले तर उणे १० होतात आणि ते जरा अति होतं.

आता गोची अशी की काही ॲपमध्ये दर पॉइंटला वजा करता येतं पण सुरुवातीचे १० देता येत नाहीत. तर देऊ नका. ते १० सगळ्यांनाच सारखे मिळणार असतात, त्यामुळे काढून टाकले तरी कोण जिंकलं ते बदलत नाही, फक्त आकडे ओकेबोके दिसतात, डिफेन्स दर आठवड्याला उणे ३, उणे ५ वगैरे. पण मग एक पळवाट उघडते. कोणी हुशार माणूस डिफेन्सची जागा रिकामीच ठेवेल आणि त्याला शून्य मिळेल, जे उणे ५ पेक्षा बरं. म्हणून असं सेटिंग केलंत तर जागा रिकामी ठेवायची नाही हा नियम त्याच दिवशी लिहा.

यार्ड्सचे पॉइंट ठेवायचे का?

नको. दिलेले यार्ड आणि दिलेले पॉइंट साधारण एकाच दिशेने जातात, त्यामुळे एकाच चुकीला दोनदा शिक्षा होते. शिवाय मोठ्या आघाडीवर असलेलं डिफेन्स मुद्दाम मागे बसून छोटे छोटे पास देतं आणि घड्याळ संपवतं, ते शहाणपणाचं खेळतंय आणि तुम्ही त्याला दंड लावताय. ज्यांना ठेवायचेच आहेत त्यांनी निदान आकडे अर्धे करा.

डिफेन्सच्या टचडाऊनला ६ म्हणजे जरा जास्तच नाही का?

यावर आमच्यातच दोन पक्ष आहेत. माझा पक्ष सांगतो.

२०१७ च्या जॅग्वार्सची पिट्सबर्गमधली मॅच घ्या, ३०-९. पिट्सबर्ग स्टीलर्सचा क्यूबी बेन रॉथलिसबर्गरची ५ इंटरसेप्शन, त्यातले २ सरळ टचडाऊन. ५ दुणे १०, टचडाऊनचे १२, आणि ९ च पॉइंट दिले म्हणून याहूच्या तक्त्यात ४, झाले २६. सॅक अजून मोजलेच नाहीत. एवढ्यावर एखाद्याचा आठवडा एकहाती जिंकून होतो. आता त्या जॅग्वार्सच्या बाबतीत कोणी तक्रार करू नये, ते डिफेन्स खरंच भारी होतं, सीझनभरात ५५ सॅक, त्यातले १० तर पहिल्याच मॅचमध्ये ह्यूस्टनविरुद्ध. पण इंटरसेप्शन झाल्यावर तो बॉल एंड झोनपर्यंत जाणार की ४० यार्डावर कोणीतरी पाय धरून पाडणार हे बरंचसं नशीब असतं. डॅरॉन ब्लँडने २०२३ मध्ये काउबॉइजकडून एका सीझनमध्ये ५ पिक-सिक्स केले, एनएफएलचा विक्रम आहे, आणि असा विक्रम म्हणजेच हे दरवर्षी होत नाही. ते बघून पुढच्या वर्षी डिफेन्स लवकर ड्राफ्ट करणाऱ्यांना शुभेच्छा.

तर ६ चे ४ करा, आणि ते वाचलेले पॉइंट सॅकमध्ये घाला, १ च्या ऐवजी १.५. सॅक आणि क्यूबीवरचं प्रेशर त्यातल्या त्यात आठवड्यामागून आठवडा टिकतं, चांगली पास रश (क्यूबीवर धावून जाणारे) असलेली टीम दर रविवारी चांगलीच असते. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं असं की टचडाऊन म्हणजे टचडाऊन, मैदानावर ६ आहेत तर इथेही ६ च. ते पण चूक नाहीत. मतदान घ्या.

पंट रिटर्नचा टचडाऊन दोघांना कसा मिळतो? एकाने रिटर्नर घेतला, दुसऱ्याने डिफेन्स, दोघांना ६?

हो, बऱ्याच ठिकाणी दोघांना मिळतात आणि ते मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं. बंद करायचं तर प्लेयरच्या बाजूने बंद करा, डिफेन्सच्या बाजूने नको, कारण शेवटी त्याचं नावच डिफेन्स आणि स्पेशल टीम्स आहे. २००६ मध्ये शिकागो बेअर्सचा डेव्हिन हेस्टर रुकी (पहिल्या वर्षाचा) असताना त्याने रेग्युलर सीझनमध्ये ६ रिटर्न टचडाऊन केले, त्यातला एक चुकलेला फील्ड गोल १०८ यार्ड पळवत नेलेला, आणि तेव्हा बेअर्सचं डिफेन्स ज्याच्याकडे त्याची मजाच.

रिटर्न यार्डला पॉइंट द्यायचा विचार असेल तर मात्र सावध. २०२४ पासून किकऑफचा नियम बदललाय, २०२५ मध्ये टचबॅक (रिटर्न न झाल्यास बॉल मिळण्याची जागा) ३५ यार्ड लाइनवर नेला, त्यामुळे टीम आता बॉल बाहेर न मारता रिटर्न होऊ देतात आणि रिटर्न बरेच वाढलेत. चार-पाच वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेला "दर १० यार्डला १ पॉइंट" असा नियम तुमच्याकडे पडून असेल तर तो आता धो धो पॉइंट देईल. २५ किंवा ३० यार्डाला १ करा नाहीतर काढूनच टाका.

सेफ्टी, ब्लॉक, टू-पॉइंट रिटर्न, हे सगळं लिहायलाच हवं का?

लिहा, दोन मिनिटांचं काम आहे. सेफ्टीला २ ठीक. २०२२ मध्ये डॉल्फिन्सच्या पंटरने मारलेला बॉल स्वतःच्याच प्लेयरच्या पार्श्वभागावर आपटून मागे गेला आणि बिल्सला सेफ्टी मिळाली, बिल्सचं डिफेन्स घेतलेल्यांना त्याचे २ मिळाले, त्यात डिफेन्सचं कर्तृत्व काय ते विचारू नका.

टू-पॉइंट रिटर्न लोक विसरतात. २०१५ पासून डिफेन्सने एक्स्ट्रा पॉइंट (टचडाऊननंतरची किक) ब्लॉक करून किंवा टू-पॉइंटचा प्रयत्न (किकऐवजी बॉल पुन्हा एंड झोनमध्ये नेण्याचा) उधळून बॉल दुसऱ्या टोकाला नेला तर २ पॉइंट मिळतात. २०१६ मध्ये ब्रॉन्कोजने न्यू ऑर्लिन्सला असंच हरवलं, सेंट्सना आघाडीसाठी एक एक्स्ट्रा पॉइंट हवा होता, जस्टिन सिमन्सने तो ब्लॉक केला, विल पार्क्सने पळवला आणि स्कोर २५-२३. क्वचित होतं पण झालं की मॅच फिरते, आणि तुमच्या सेटिंगमध्ये तिथे शून्य असेल तर त्या रात्री कमिशनरचा फोन थांबत नाही.

थ्री-अँड-आउट, फोर्थ डाऊन स्टॉप असे पर्याय दिसतात, घ्यावेत का?

फोर्थ डाऊन स्टॉप जरूर घ्या, १ पॉइंट द्या. आजकाल टीम फोर्थ डाऊनला (चौथ्या, शेवटच्या प्रयत्नाला) पंट न करता सर्रास खेळतात, तिथे रोखलं तर बॉल मिळतोच, म्हणजे इंटरसेप्शनचाच धाकटा भाऊ, आणि डिफॉल्टमध्ये त्याला काहीच मिळत नाही. थ्री-अँड-आउटला (पहिल्या तीन प्रयत्नांतच रोखणं) ०.५ चालेल. त्याहून जास्त ठेवलंत तर मॅच बघताना कोणालाच कळणार नाही पॉइंट कुठून आले.

मी २ पॉइंटने पुढे आहे, फक्त माझं डिफेन्स मंडे नाइटला उरलंय. ते बाकावर बसवलं तर चालेल?

बसवा. किकऑफच्या आधी लाइनअप बदलणं हा तुमचा हक्क आहे, आणि ज्या लीगमध्ये डिफेन्सला उणे पॉइंट मिळतात तिथे ही वेळ कधीतरी येणारच. लबाडी म्हणणारे म्हणतील. पण नियमात जागा रिकामी ठेवायला बंदी असेल तर मग नाही चालणार, आणि ती बंदी सीझनच्या आधी लिहिलेली हवी, सोमवारी संध्याकाळी सुचलेली नको. उणे पॉइंटच नकोत असं वाटत असेल तर सगळ्यात खालची पायरी शून्यावर आणून ठेवा, विषय संपला. मला ते थोडं मिळमिळीत वाटतं.

आयडीपी सुरू करायचंय, किती प्लेयर आणि किती पॉइंट?

पहिल्या वर्षी टीममागे तीन, एक लाइनमन (पहिल्या रांगेतला), एक लाइनबॅकर (त्याच्या मागचा), एक सेकंडरीतला (सगळ्यात मागे पास अडवणारा). अकरा-अकरा डिफेंडर घेऊन उतरणाऱ्या लीग आहेत, पण तिथपर्यंत जायला दोन-तीन सीझन जाऊ द्या नाहीतर निम्मे लोक ऑक्टोबरमध्येच गायब होतात.

पॉइंटचा खरा प्रश्न एकच, टॅकल (बॉलवाल्याला पाडणं) आणि सॅक यांचं गुणोत्तर. २०२१ चा सीझन घ्या. स्टीलर्सचा टी. जे. वॉट, १५ मॅचमध्ये २२.५ सॅक, मायकल स्ट्राहानने २००१ मध्ये केलेल्या आकड्याची बरोबरी, डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर. त्याचे टॅकल ६४. त्याच वर्षी फाल्कन्सचा फॉये ओलुओकुन, १९२ टॅकल, लीगमध्ये सगळ्यात जास्त. सोलो-असिस्टचा (एकट्याने पाडलं की मदतीने) भेद सोडा, टॅकलला सरसकट १ धरा, आणि ओलुओकुनचे बाकीचे पराक्रम पण सोडा. सॅकला २ दिलेत तर वॉटचे ६४ अधिक ४५, म्हणजे १०९. ओलुओकुन १९२. सर्वोत्तम डिफेंडर म्हणून निवडलेला माणूस जवळपास निम्म्यावर! सॅकला ४ केलेत तर १५४. ५ केलेत तर १७६.५, तेव्हा कुठे बरोबरीच्या जवळ येतो.

म्हणून सॅकला ४ च्या खाली जाऊ नका. इंटरसेप्शनला ५, फोर्स्ड फंबलला ३, रिकव्हरीला २, पास अडवला तर १.५, सोलो टॅकलला १, असिस्टला ०.५. हे माझे आकडे, देववाणी नाही. टॅकलला जास्त वजन दिलं की काय होतं, सगळे जण मिडल लाइनबॅकर उचलतात आणि बाकी डिफेन्सला भाव राहत नाही.

माझ्या माणसाने एक सॅक केला आणि ॲपवर ७ पॉइंट दिसले, बग आहे का?

बग नाही, थर चढलेत. एनएफएलच्या हिशोबात एक सॅक म्हणजे एक टॅकल पण, एक टॅकल फॉर लॉस (समोरच्याचे यार्ड कमी होतील असं पाडणं) पण आणि एक क्यूबी हिट (क्यूबीला धक्का) पण. प्रत्येकाला वेगळे पॉइंट ठेवले असतील तर ४ अधिक १ अधिक १ अधिक १. चालत असेल तर असू द्या, फक्त हे माहीत असताना आकडे ठरवा. क्यूबी हिटला पॉइंट ठेवायचेच असतील तर सॅकचे ४ चे ३ करा. आणि दोघांनी मिळून सॅक केला तर प्रत्येकाला अर्धा सॅक, त्यामुळे आकड्यात पॉइंट पाच येतात.

टॅकलचे आकडे सोमवारी वेगळे आणि बुधवारी वेगळे, असं कसं?

टॅकल ही एनएफएलची तशी अधिकृत आकडेवारी नाहीच. सॅक १९८२ पासून अधिकृत आहे, टॅकल नाही. स्टेडियममध्ये बसलेली आकडेवारीवाली मंडळी बघून ठरवतात की हा सोलो, तो असिस्ट, आणि काही स्टेडियममध्ये असिस्ट देण्यात हात सढळ असतो, काही ठिकाणी कंजूष. आयडीपीत मुरलेले लोक म्हणूनच प्लेयर कुठल्या मैदानावर खेळतोय हेही बघतात. नंतर आकडे पुन्हा तपासले जातात आणि दुरुस्त्या आठवड्याच्या मध्यापर्यंत येतात, मंगळवारी जिंकलेला गुरुवारी हरू शकतो. टीम डिफेन्सलाही हे लागतं, कधी एखादा सॅक काढला जातो, कधी फंबल दुसऱ्याच्या नावावर जातो.

नियम काय लिहायचा: ॲपने दुरुस्ती केली की ती अंतिम, त्यावर चर्चा नाही. टॅकलचा गोंधळ कमी करायचा असेल तर सोलो आणि असिस्टमधला फरक कमी करा, १ आणि ०.७५ असं काहीतरी.

वॉट क्यूबीमागे धावतो तरी लाइनबॅकर का म्हणून दाखवतात?

कारण स्टीलर्स ज्या पद्धतीने डिफेन्स लावतात त्यात तो आउटसाइड लाइनबॅकर. दुसऱ्या टीममध्ये तेच काम करणारा मायल्स गॅरेट डिफेन्सिव्ह एंड, म्हणून लाइनमन. काम एक, पाट्या दोन, आणि वेगवेगळी ॲप वेगवेगळ्या पाट्या लावतात. लाइनमनच्या जागेवर सॅकवाला मिळणं सोन्यासारखं, लाइनबॅकरच्या जागेवर त्याची तुलना १५० टॅकलवाल्याशी होते. ॲप एजची (कडेने क्यूबीवर धावणाऱ्यांची) वेगळी जागा देत असेल तर घ्या.

जाता जाता एक, नाव बघून कॉर्नरबॅक (समोरच्या पास झेलणाऱ्याला अडवणारा) घेऊ नका. जो खरंच भारी असतो त्याच्याकडे क्यूबी बॉल टाकतच नाहीत, मग त्याला ना टॅकल ना पास डिफेन्स. नवखा रुकी कॉर्नर मात्र रोज टार्गेट होतो आणि पॉइंट गोळा करतो.

सीझन सुरू झाल्यावर स्कोरिंग बदलता येतं का?

ॲप देतं. तुम्ही करू नका. चौथ्या आठवड्यात ज्याला वाटतं की सॅकला पॉइंट कमी आहेत त्याच्याकडे नेमकं सॅकवालं डिफेन्स असतं, हा योगायोग दरवर्षी घडतो. सगळ्यांनी, म्हणजे खरंच सगळ्यांनी, हो म्हटलं आणि उघड चूक असेल, जसं की इंटरसेप्शनला २ च्या जागी चुकून २० टाइप झालं, तरच बदला. बाकी सगळं पुढच्या वर्षीच्या यादीत.

मॅच मध्येच थांबली किंवा रद्द झाली तर डिफेन्सचं काय?

२ जानेवारी २०२३, बिल्स-बेंगल्स, पहिल्या क्वार्टरमध्ये ७-३ असताना डमार हॅमलिन मैदानावर कोसळला, त्याचं हृदय बंद पडलं होतं, मॅच थांबवली आणि पुढे रद्दच झाली. तो वाचला, पुन्हा खेळायलाही आला, हे सगळ्यात महत्त्वाचं. पण तो आठवडा सतरावा होता, म्हणजे बहुतेक लीगची फायनल, आणि पॉइंट्स अलाउडवाल्या डिफेन्सचा प्रश्न विचित्र झाला: पाव मॅचमध्ये ३ च पॉइंट दिले म्हणून पूर्ण बोनस द्यायचा का? कोणत्याच न्यायाने ते बरोबर वाटत नाही.

एक ओळ लिहून ठेवा. मॅच पूर्ण झाली नाही तर डिफेन्सला सॅक-इंटरसेप्शन वगैरे जे प्रत्यक्ष झालं ते मिळेल, पॉइंट्स अलाउडचा बोनस मिळणार नाही. फायनल असेल तर ट्रॉफी वाटून घ्या.

ठरवलेले आकडे बरोबर आहेत की नाही हे कसं कळणार?

गेल्या सीझनचे आकडे एका शीटमध्ये घाला, ३२ टीम, नवीन नियमाने पॉइंट काढा. मग बघा, तुमच्या लीगमध्ये १२ जण असतील तर पहिल्या नंबरच्या आणि बाराव्या नंबरच्या डिफेन्समध्ये आठवड्याला किती फरक पडतो. तोच फरक टाइट एंडमध्ये (ऑफेन्समधली एक जागा) काढा. डिफेन्सचा फरक टाइट एंडच्या वर गेला तर डिफेन्स आता मधल्या फेऱ्यांत ड्राफ्ट होणार, ते लोकांना चालणार आहे का विचारा. एक पॉइंट पण नसेल तर डिफेन्स ठेवलंय कशाला? दुसरं बघायचं ते एकाच टीमचे आठवड्यागणिक आकडे, २४, २, १, १९, ० असं दिसत असेल तर टचडाऊनचं वजन जास्त झालंय.

आमच्यातले दोघं पुण्यात असतात, त्यांना वेळा जमत नाहीत, डिफेन्स लॉक होऊन जातं.

रविवारच्या दुपारच्या मॅच ईस्टर्न टाइमने १ ला सुरू होतात, म्हणजे भारतात रात्री १०.३०, आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की ११.३०. तिथपर्यंत ठीक आहे. गोची गुरुवारच्या मॅचची, ती भारतात शुक्रवारी पहाटे पावणेसहाला आणि नोव्हेंबरनंतर पावणेसातला, आणि दर आठवड्याला समोरची टीम बघून डिफेन्स बदलणाऱ्यांना तेवढं लवकर उठवत नाही. त्यांना सांगा गुरुवारी रात्री झोपायच्या आधी लाइनअप बघून घ्या. आणि वेव्हरवरचा (कोणाच्याच टीममध्ये नसलेला) प्लेयर पहिला येईल त्याला देण्याऐवजी बोली लावायची पद्धत ठेवा, मग कोण कुठल्या टाइमझोनमध्ये जागा आहे याचा संबंध राहत नाही, बोली आदल्या दिवशीच टाकून ठेवता येते.